आईच्या घड्याळातला एक तास

गल्लीच्या भट्टीवरून सगळ्यांनी आपापले, घरून मळून भाजायला दिलेले पाव नेले होते. एकच फळी उरली होती, आणि ती एका अनोळखी माणसाच्या हातात होती.

बतूल धावतच आली होती. डोक्यावरचा रुमाल भिजून कपाळाला चिकटलेला, एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. समुद्राकडून आलेला जानेवारीचा बारीक पाऊस मोरोक्कोतल्या सला शहराच्या गल्लीबोळांतून तिरका तिरका पडत होता.

"तो पाव माझा आहे," ती धापा टाकत म्हणाली.

माणूस दचकला. त्याच्या तोंडात घास होता, आणि फळीवरच्या एका गोल पावाची कड तोडलेली होती.

"तुमचा? कशावरून?"

"त्यावर शिवणाच्या अंगुस्तानाचा ठसा आहे. आमच्या घरची खूण. तुमची खूण काय?"

त्याने पाव डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "माझी खूण... करायची राहते."

आतून भट्टीवाले बा बूश्ता खो-खो हसले. त्या गावात बायकांना मानाने 'लल्ला' म्हणत, पुरुषांना 'सी'. "तीच त्याची खूण, लल्ला बतूल! ज्यावर काहीच नाही तो सी जुहैरचा. तो बघ, कोळसा होऊन पडलाय. हाका मारून माझा घसा बसला, आणि हे महाशय दारात उभे राहून पाऊस बघतायत."

"पाऊस नव्हतो बघत," जुहैर गंभीरपणे म्हणाला. "पन्हाळीतून पडणारी धार... तिच्यात मधेच एक... बरं, पाऊसच बघत होतो."

बतूलला खरं म्हणजे रागवायचं होतं. घरी लेक शामा उपाशी बसली होती. पण हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. आई गेल्यापासून ती या गल्लीत हसली नव्हती.

"खाल्लेल्या घासाच्या बदल्यात छत्री घ्या," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी माझा कोळसा डोक्यावर धरतो. तेवढा मोठा आहे."

ती पाव आणि छत्री घेऊन गेली. कोपऱ्यावर वळताना मागून आवाज आला. "लल्ला! एक सांगायचं राहिलं — छत्रीही माझी नाही! कॉफीवाल्याची आहे! उद्या त्याला देऊन टाकाल ना?"

*

बतूलचं पोट भरायचं ते भाषांतरावर. यंत्रांच्या माहितीपुस्तिका ती फ्रेंचमधून अरबीत आणायची. धुलाईयंत्र कसं चालवावं हे तिने अर्ध्या मोरोक्कोला समजावलं होतं, आणि तिच्या स्वतःच्या यंत्रात कपडे ओले राहून कुबट होत. वेंधळी, धांदरट, आळशी... लहानपणापासून तिला लोकांनी बरीच नावं ठेवली होती. आईने मात्र कधी नाव ठेवलं नाही. आई फक्त हाक मारायची. 'बतूल, ऊठ.' 'बतूल, दूध उतू जाईल.' 'बतूल, शाळा सुटली, पोरगी वाट बघत असेल.' शामाचा बाप अगादीरला दुसरा संसार मांडून बसला, तरी घर चाललं ते त्या हाकांवर. मग शरद ऋतूतल्या एका सकाळी आईने हाक मारली नाही. बतूल उठून बघायला गेली, तेव्हा आई झोपेतच गेलेली होती.

त्यानंतर शाळेच्या फाटकाशी शामा एकटी उभी दिसू लागली. डिसेंबरात शाळेचा कार्यक्रम होता. बतूल पोचली तेव्हा सभागृहात खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या. सात वर्षांची शामा रडली नाही, रुसलीही नाही. तिने फक्त त्या दिवसापासून शाळेतलं काही सांगणं बंद केलं. आणि हेच बतूलला रात्रंदिवस टोचत होतं. पोर रडली असती तर समजूत काढता आली असती.

शामाचं वर्गात लक्ष नाही म्हणून बाईंनी डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी शामाला तपासलं, पोरीला काही नाही म्हणाले, आजीची आठवण येते एवढंच. मग बराच वेळ बतूलकडे बघत राहिले. तोवर ती पिशवीत किल्ल्या शोधत होती, आणि किल्ल्या तिच्या हातात होत्या. "आणि तुम्ही, लल्ला?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला कधी कुणी तपासलंय?"

चौतिसाव्या वर्षी तिला आपल्या धांदरटपणाचं डॉक्टरी नाव कळलं. एडीएचडी. गोळ्या मिळाल्या, आणि एक पत्ताही मिळाला. अशाच आईबापांसाठी शनिवारी एक संस्था वर्ग घेते, वेळ सांभाळायला शिकवते.

ती अर्धा तास उशिरा पोचली, जिना चढताना शरमेने मान खाली घालून. वर खोलीत कुणीच नव्हतं, फक्त वर्ग घेणाऱ्या मादाम सिहाम निवांत चहा ओतत होत्या.

"पहिल्या आलात," त्या म्हणाल्या. "शाब्बास. मी तीनची वेळ सांगते, म्हणजे साडेतीनला सुरू करता येतं. बसा."

थोड्या वेळाने दार उघडलं आणि आत आला तो भट्टीवरचा माणूस. चष्मा कपाळावर चढवलेला, आणि हात खिशांमधून चष्मा शोधत होते.

"पाव!" त्याने बोट दाखवलं.

"छत्री," बतूल म्हणाली.

जुहैरचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकं शेजारच्या कॉफीवाल्याकडे बसून त्याची वाट बघत, म्हणून कॉफीवाला त्याच्यावर जीव टाकायचा. बायको बेल्जियमला गेली ती तिकडचीच झाली, आणि बारा वर्षांची मलक बापाला सांभाळत होती. हे सगळं त्याने पहिल्याच दिवशी, मादाम सिहामनी दोन वाक्यांत ओळख करून द्या म्हटल्यावर, दोनशे वाक्यांत सांगितलं.

मादाम सिहाम उपदेश करत नसत. "तुम्हाला वेळ कळत नाही, तर ती दिसू द्या," त्या म्हणायच्या. वाळूचं घड्याळ ओट्यावर ठेवा. पोचायची वेळ विसरा, निघायची लक्षात ठेवा. दप्तर रात्रीच दाराच्या कडीला अडकवा. "आणि एकट्याने करू नका. कुणी नुसतं शेजारी बसलं तरी आपल्यासारख्यांची कामं होतात. का होतात ते विचारू नका. जोड्या करा."

जोड्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. पण मादाम चिठ्ठ्या घरी विसरल्या होत्या. "तुम्ही दोघं ओळखता ना एकमेकांना?" त्या बतूलला म्हणाल्या. "झालं तर मग."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"मी बूट घालतोय," जुहैर म्हणाला. "तुम्ही?"

"मी... बूट शोधतेय."

"किती सापडले?"

"एक."

"मलाही एकच सापडलाय. तुमचा डावा असेल तर बघा, जमून जाईल."

तिच्या मागे शामा दप्तर घेऊन उभी होती. आई फोनवर हसतेय आणि तरीही दाराकडे चालतेय, हे तिला नवीनच होतं.

मग रोज सकाळी फोन. 'उठा', 'चला', 'उशीर होतोय' असलं त्यात काही नसायचं. "चूल बंद केली." "मीपण." "किल्ली?" "हातात." "खरंच हातात की वाटतंय?" "...थांबा." दोघं आपापल्या गल्लीतून बोलत निघायचे, आणि भट्टीपाशी दोन गल्ल्या मिळायच्या तिथे फोन कानाला लावलेलेच समोरासमोर यायचे. तरी फोन लगेच ठेवायचे नाहीत.

"काकू," एकदा मलक गंभीरपणे म्हणाली, "बाबा तुमच्याशी बोलायला लागल्यापासून मी रोज शाळेत वेळेवर जाते. वर्गात कुणी मला ओळखतच नाही."

एका शनिवारी जुहैर मुलींना सोडायला आला आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकला. ओट्यावरच्या भिंतीला लाकडी चौकटीतलं जुनं घड्याळ होतं.

"हे तासभर मागे आहे," म्हणत त्याने हात वर केला.

"हात लावू नका!"

चटका बसावा तसा त्याने हात मागे घेतला. बतूल ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

"आईचं आहे," ती म्हणाली. "सरकारने घड्याळं एक तास पुढे नेली ना, ते तिने कधी मानलंच नाही. म्हणायची, सरकारची वेळ सरकारला, मला उन्हाची पुरे. तिला नऊ वाजता या म्हटलं, की विचारायची, जुने नऊ की नवे? आणि कुणी काहीही सांगितलं तरी जुन्या नऊलाच जायची."

तो काहीतरी गमतीचं बोलेल असं तिला वाटलं. पण तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत त्या घड्याळाकडे बघत राहिला.

"राहू द्या," तो म्हणाला. "चांगलं चालतंय. फक्त... त्याच्याकडे बघून घरातून निघू नका."

त्या रात्री बतूलच्या लक्षात आलं, सकाळच्या फोनची ती आदल्या संध्याकाळपासून वाट बघते. लक्षात आलं, आणि ती घाबरली.

*

रमजान आला. दरवर्षीप्रमाणे त्या महिन्यापुरती सगळ्या देशाने घड्याळं तासभर मागे घेतली, जुन्या वेळेवर आणली. बतूलच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ अचानक बरोबर झालं. आख्खा मुलूख आईच्या वेळेवर आला होता.

आणि बतूल वेळेवर धावू लागली. मान वर केली की घड्याळ खरं सांगत होतं, आईसारखं. इफ्तारचं हरीरा सूप रोजा सोडायच्या तोफेच्या आधी तयार. शाळेच्या फाटकाशी शामाच्या आधी ती हजर. आपण बऱ्या झालो, असंच तिला वाटलं. एका सकाळी तिने फोनवर सांगून टाकलं —

"सी जुहैर, आता रोज फोन नाही केलात तरी चालेल. जमतंय मला."

पलीकडून त्याच्या गल्लीतली एक मोटरसायकल तेवढी ऐकू आली.

"अरे वा," तो म्हणाला. "मग चांगलंच झालं की." मग पुन्हा, "...चांगलंच झालं."

सकाळचे फोन बंद झाले. भट्टीपाशी दिसला की तो हसायचा, मान लववायचा, निघून जायचा. त्याचे पाव रोज जळताहेत असं बा बूश्ता सगळ्या गल्लीला सांगत होते, बतूल जवळ असली की जरा मोठ्याने.

ईदच्या दोन दिवस आधी रात्री पांघरुणातून शामाचा आवाज आला. "रविवारी शाळेचा कार्यक्रम आहे. नदीपलीकडे, रबातला."

बतूल होती तिथेच थांबली. किती महिन्यांनी पोर आपणहून काही सांगत होती.

"मी सगळ्यात पहिली आहे. स्वागत मीच करणार." मग कूस बदलून, भिंतीकडे तोंड करून, "जमलं तर ये."

*

रविवारी शाळेची बस ठरल्यापेक्षा लवकरच आली असं बतूलला वाटलं, आणि मुलींना भल्या सकाळी घेऊन गेली. ऊन स्वयंपाकघरात आलं होतं. दहाला कार्यक्रम होता, आणि ओट्यावरच्या घड्याळात अजून साडेआठही वाजले नव्हते. बतूलने इस्त्री केलेली पायघोळ जेलाबा घातली, बूट जोडीने दारात ठेवले. इतका वेळ हाताशी आहे म्हणून शामासाठी बग्रीरचं पीठही भिजवलं. तव्यावर एकेका धिरड्याला जाळी पडत होती आणि ती मनाशी म्हणत होती, आई, बघतेस ना? निवांत आहे मी आज.

दार धडाधडा वाजलं.

जुहैर उंबऱ्याबाहेर उभा होता, घामाने निथळत. एका पायात बूट, दुसऱ्यात घरची सपात.

"फोन कुठे आहे तुमचा?"

"फोन? असेल इथेच..." तो पिठाच्या डब्यात होता. अजून वाजत होता बिचारा.

"लल्ला बतूल, रमजान संपला," तो दम घेत म्हणाला. "रात्री घड्याळं पुढे गेली. तुमचं..." त्याने ओट्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या आईचं नाही गेलं."

तव्यावर बग्रीर करपू लागलं. तिच्या डोळ्यांसमोर एकावर एक रचलेल्या खुर्च्या आल्या.

तव्याखालचा गॅस त्याने बंद केला. "किल्ली?" त्याने विचारलं.

"हातात."

"खरंच हातात?"

"हो," ती म्हणाली, आणि दोघं पळाले.

नदीच्या धक्क्यावर एकच होडी होती आणि तिच्यात नावाडी सी अय्याद पाय पसरून बसले होते.

"काका, लवकर! दहाच्या आत पोचायचंय."

"जुने दहा की नवे?"

"नवे!"

"मग बसा. पण घाई तुमच्याकडे असेल, पोरांनो. नदीकडे भरती आहे." आणि त्यांनी वल्ही अशा संथपणे पाण्यात घातली, की जुहैरने डोळेच मिटून घेतले.

करण्यासारखं आता काहीच नव्हतं. पाणी चकाकत होतं. सीगल पक्षी पलीकडच्या तटबंदीवरून फिरून परत येत होते. वल्ह्याच्या टोकावरून थेंब ओळीने गळत होते.

"मघाशी परत धक्क्यावर सोडा म्हणून भांडलेच हे माझ्याशी," सी अय्याद बतूलला म्हणाले. "चांगले पहिल्या खेपेत बसलेले. मी नदीच्या मध्यावर. बाकीचे लोक वाद घालतायत, आज जुनी वेळ की नवी... आणि हे एकदम उभे! होडी फिरवा म्हणाले. उलटलीच असती."

बतूलने जुहैरकडे बघितलं. तो सपातेकडे बघत होता.

"तू होडीत बसला होतास?" तिने विचारलं. 'तू' कधी आलं ते तिलाही कळलं नाही. "वेळेवर पोचला असतास. मलक..."

"मलक शेवटच्या समूहगीतात आहे. मागच्या रांगेत. शामा पहिली आहे." मग तो म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी निघालो होतो. काही खास वाटलं नाही."

ती पाण्यात बोटं बुडवून बसली. बोलायला वेळ लागला, पण होडीलाही वेळ लागतच होता.

"फोन नको म्हटलं, ते जमतंय म्हणून नव्हतं रे. मला सवय लागली होती. आईची होती तशी. आणि एके दिवशी ती उठलीच नाही... मग मला वाटलं, पुन्हा कुणाच्या भरवशावर राहायचं नाही."

"माझ्या भरवशावर?" जुहैर इतका चकित झाला, की सी अय्यादांची वल्ही थांबली. "बतूल, माझा पाव रोज कोळसा होतो. माझ्या भरवशावर मांजरसुद्धा राहत नाही. मी तुला वेळ सांगायला फोन करत होतो असं वाटलं तुला? ती माझ्यापाशी असते कुठे?"

"मग कशाला करत होतास?"

"मला घरातून निघवत नाही ना... तुझ्याबरोबर निघवतं. एवढंच."

"एवढंच?"

तो चष्मा शोधू लागला. या खिशात, त्या खिशात. बतूलने ओला हात जेलाबाला पुसला, त्याच्या कपाळावरचा चष्मा अलगद खाली ओढून नाकावर बसवला. आता त्याला ती नीट दिसत होती, आणि तिलाही ते दिसलं.

"नाही," तो हळूच म्हणाला. "एवढंच नाही."

सी अय्यादांनी तोंड दुसरीकडे केलं आणि वल्ही आणखीच हळू मारायला लागले.

*

सभागृहाचं दार बतूलने ढकललं तेव्हा तिला पहिल्यांदा दिसल्या त्या रिकाम्या खुर्च्या. संपलं. पुन्हा संपलं.

"या, या!" मुख्याध्यापिका धावत आल्या. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "देवा, कुणीतरी आलं एकदाचं! दहा वाजून गेले, आणि सगळी सला अजून जुन्या वेळेवर झोपलीय! बसा ना, पुढेच बसा. कुठेही बसा!"

खुर्च्या रचलेल्या नव्हत्या. मांडलेल्या होत्या, ओळीने, आणि त्यांच्यावर अजून कुणी बसलंच नव्हतं. बतूल पहिल्या रांगेच्या मधोमध बसली. जुहैर शेजारी बसला आणि सपातेचा पाय खुर्चीखाली लपवला.

पडद्याची फट किंचित हलली. एक डोळा दिसला. त्या डोळ्याने रिकाम्या खुर्च्या बघितल्या, आईला बघितलं, पुन्हा खुर्च्या बघितल्या. आणि पडद्यामागून किंकाळीच आली —

"मलक! ए मलक! माझी आई आली! सगळ्यांच्या आआआधी!"

बाकीचे आईबाप मग तासाभराने आले, ओशाळे, धापा टाकत, एकमेकांना 'जुनी वाटली हो' म्हणत. बतूलने मागे वळून त्यांच्याकडे फार प्रेमाने बघितलं. पडदा उघडला. शामाने सगळ्या मान्यवर पाहुण्यांचं स्वागत केलं, एकाच खुर्चीकडे बघत.

परतताना होडी गच्च भरलेली होती. नदीच्या मध्यापर्यंत शामा बोलत होती. कुणाचा फेटा सुटला, कुणी ओळ विसरली, कुणाला उचकी लागली. साचलेल्या महिन्यांचं सगळं ती एका दमात सांगून टाकत होती. मलक मोठ्या बहिणीसारखी तिला दुरुस्त करत होती.

भट्टीपाशी दोन गल्ल्या फुटतात तिथे चौघं थांबले. मुली पुढे गेल्या. भट्टी बंद होती, पण तिची ऊब भिंतीतून अजून येत होती.

"संध्याकाळी चहाला या दोघं," बतूल म्हणाली. "बग्रीर आहेत. एक करपलंय, ते तुझं. पाच वाजता ये."

"जुने पाच की नवे?"

उत्तर तिच्या तोंडावर आलं होतं, ते तिने तिथेच थांबवलं. तिला ओट्यावरचं घड्याळ आठवलं, कुणासाठीही घाई न करणारं, एक तास आपल्यापाशी राखून ठेवणारं. त्याला हात लावायचा नाही, हे तिचं ठरलं होतं. शेजारी दुसरं लावावं. भिंतीला जागा आहे.

"नव्या वेळेने ये," ती म्हणाली, "आणि जुन्या वेळेने जा."